दोन थापा

धरमपेठ, नागपूर
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय देवाजी सर,
सप्रेम जयभीम.

परवा उमरेडहून परत येताना एसटीतच ठरवलं, की आता तुम्हाला पत्र लिहायचं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला हे माहीत होतं. पण तुम्ही पाटीवर लिहून बोलता आणि पाटी भरली की फडक्याने पुसता, ते मला बघवलं नाही. ज्या माणसाची हाक बास्केटबॉल कोर्टावरून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायची, त्याचं बोलणं असं पुसलं जातं. फोनचा उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तुमच्या आधी सूनबाई कौसल्या वाचतात, असं तुम्हीच पाटीवर लिहिलंत. तेव्हा हे पत्र. अक्षराला हसू नका.

बातमी अशी, की कृष्णकांत सर मार्चअखेर रिटायर होतायत. तुम्ही रिटायर झाल्यावर तुमची मुख्य प्रशिक्षकाची जागा मला मिळेल असं सगळे म्हणत होते आणि ते बाहेरून डिप्लोमा घेऊन आले, हे तुम्हाला आठवत असेलच. माणूस वाईट नाही. फक्त बास्केटबॉलपेक्षा त्यांना खुर्ची जास्त आवडते. पंधरा वर्षं मी मुलींच्या टीमची सहायक प्रशिक्षक आहे आणि दर वर्षी अकरा महिन्यांच्या नेमणुकीचं पत्र हातात घेते. या वेळी संस्थेच्या सचिवसाहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, या साली विद्यापीठाचा कप आणा, मंग तुमचंच नाव समोर करतो." अठरा वर्षांत आपल्या कॉलेजला कप मिळालेला नाही. शेवटचा आपणच आणला होता, २००६ साली. त्यात माझा गुडघा गेला, पण तो विषय आता नको.

टीम बरी आहे. रितिका नावाची एक मुलगी आहे, दुसऱ्या वर्षाला. वडील नत्थूजी इतवारीत भांड्यांना पॉलिश करतात. पोरगी उडी मारते तेव्हा खाली यायला विसरते की काय असं वाटतं. मार्चमध्ये तिची रेल्वेच्या खेळाडू भरतीची चाचणी आहे. घरी लग्नाचं बोलणं सुरू आहे, ते या चाचणीपुरतं थांबलंय.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
नंबर सात

*

उमरेड
२६ ऑगस्ट २०२४

चि. दीप्ती,
जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, पण वाचता आलं. दोनदा वाचलं. संघपाल म्हणाला, बाबा, काय एवढं वाचून राहिले? मी पाटीवर लिहिलं, तुझं काम कर.

मुख्य प्रशिक्षकाची जागा तुझीच आहे. ती आठ वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती. सोबत वीस पट्ट्या पाठवतो आहे. भावाच्या मागावर विणून घेतल्या, चार बोटं रुंद, जाड सूत. दुकानातली चिकट पट्टी घामाने सुटते, ही सुटत नाही. तू आताच्या पोरींना काय बांधतेस ते मी परवा तुझ्या मोबाइलवर पाहिलं आणि जीव वर आला.

पद्धत विसरली नसशील. तरी लिहितो. गुडघा बांधताना मुलीला विचारायचं नाही, दुखतं का. विचारलं की दुखायला लागतं. जिला बसायचं असेल ती स्वतः सांगेल. नाही सांगितलं तर पट्टी ओढून बांधायची, गुडघ्यावर दोन थापा मारायच्या आणि कोर्टावर सोडायचं. दोन थापा म्हणजे बांधणाऱ्याची सही. त्यानंतर मुख्य प्रशिक्षकसुद्धा पायाकडे बघत नाही.

रितिकाला डाव्या हाताने ड्रिबल करायला लाव. महिनाभर उजवा हात कमरेला बांधून ठेव. तुझा मी असाच ठेवला होता आणि तू मला शिव्या दिल्या होत्या, मला ऐकू येत होत्या.

देवाजी

*

धरमपेठ, नागपूर
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सप्रेम जयभीम.

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावू नका. सकाळी साडेपाचला कोर्ट, मग दुसरीकडची शिकवणी, संध्याकाळी पुन्हा कोर्ट. तुमच्या पट्ट्या पोरींना फार आवडल्या. त्या त्यांना 'उमरेडवाली' म्हणतात. "मॅडम, मले उमरेडवाली बांधा," असं म्हणत रांग लावतात. दोन थापांचीही त्यांना सवय झाली आहे. थाप पडल्याशिवाय एकही जागची उठत नाही.

आपण सेमीफायनल जिंकलो. फायनल अकरा जानेवारीला आहे. रितिकाने एकटीने एकतीस गुण केले. डावा हात आता उजव्याहून बरा चालतो.

गेल्या मंगळवारी सरावात ती रिबाउंड घेऊन खाली आली तेव्हा पाय जरा वाकडा पडला. कोर्ट अजून तेच, तुमच्या वेळचं सिमेंटचं. उठली, दोन पावलं लंगडली, मग पळायला लागली. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. किरकोळ लचक असेल. या वयात पोरींची हाडं रबराची असतात, आठ दिवसांत बरं होईल. कृष्णकांत सरांनी विचारलं, "रितिका ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे.

सर, मला हल्ली झोप नीट लागत नाही. फायनलचं टेन्शन असेल. तुम्हाला कधी असं व्हायचं का, की एखाद्या मुलीला खेळवावं की नाही हे ठरत नाही? तुम्ही काय करायचात?

तुमची,
नंबर सात

*

उमरेड
३० डिसेंबर २०२४

चि. दीप्ती,
जयभीम.

फायनलच्या आधी मलाही झोप येत नसे. त्यात नवीन काही नाही. तू घाबरते आहेस ते हरायला. जागा गेली तर काय, हे डोक्यात घेऊन बेंचवर बसू नकोस. पोरींना ते लगेच दिसतं.

कोणाला खेळवायचं ते मी कधीच ठरवलं नाही. मुली ठरवायच्या. जिला खेळायचं असतं तिला कोणी अडवू शकत नाही, आणि अडवू नये. २००६ च्या फायनलमध्ये तू जशी खेळलीस तशी पोरगी मी पुन्हा पाहिली नाही. शेवटची चार मिनिटं तू एका पायावर खेळत होतीस. अजून डोळे मिटले की ती चार मिनिटं दिसतात.

कप आणला की उमरेडला घेऊन ये. कौसल्या खीर करणार आहे. मला ती गाळूनच प्यावी लागेल, पण करणार आहे.

देवाजी

*

उमरेड
२७ जानेवारी २०२५

चि. दीप्ती,
जयभीम.

तुझं पत्र नाही. संघपालने पेपरमध्ये दोन ओळी शोधून काढल्या: आपल्या कॉलेजने दोन गुणांनी कप जिंकला. कात्रण माझ्या उशाशी आहे. तुझं नाव त्यात नाही. सहायकाचं नाव कधी छापत नाहीत, पण मला माहीत आहे कप कोणी आणला.

सत्कार, मिरवणुका चालल्या असतील. एवढ्यात म्हाताऱ्याची आठवण कशी होणार. जागेचं पत्र मिळालं का तेवढं कळव. खीर अजून व्हायची आहे.

देवाजी

*

धरमपेठ, नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे.

कप आला. मला जागा मिळणार, तेही पक्कं झालं आहे, एक एप्रिलपासून. रितिकाचा गुडघा गेला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती ले-अप घालून खाली आली आणि आवाज आला. तो आवाज तुम्हाला माहीत आहे, ओली काडी मोडल्यासारखा. समोरच्या बाजूला बसलेल्यांनासुद्धा ऐकू गेला. तिला उचलून नेलं आणि बाकीच्या पोरी रडत रडत जिंकल्या. आतला मोठा लिगामेंट पूर्ण तुटला आहे, गादीही फाटली आहे. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, उड्या विसरा. रेल्वेची चाचणी पुढच्या महिन्यात आहे आणि ती आता तिच्यासाठी नाही.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. किरकोळ लचक नव्हती. फायनलच्या सकाळी मी तिचा गुडघा बांधायला घेतला तेव्हा वाटीच्या वर तो गरम होता, आणि आत पाणी झाल्यासारखं बोटाखाली हलत होतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसलं नसतं. पण बांधणाऱ्याला कळतं. माझे हात थांबले. ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मी वाट बघितली की ती बोलेल. ती बोलली नाही. मी पट्टी ओढली आणि दोन थापा मारल्या.

त्या वेळी माझ्या डोक्यात जागा होती. दुसरं काही नव्हतं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

नत्थूजींना दवाखान्यात भेटले. पॉलिशने काळे झालेले हात त्यांनी माझ्यापुढे जोडले. म्हणाले, "मॅडम, तुमी काहून रडून राहिल्या? तुमचा का दोष हाये? तुमाले माहीत असतं तं तुमी तिले खेळवलंच नसतं." मग चहा आणून दिला, स्वतः जाऊन. मी तो प्यायले, सर.

आता जे विचारायचं आहे ते विचारते. गेला महिनाभर दुसरं काही सुचत नाही.

२००६ च्या फायनलच्या दिवशी माझा गुडघा तुम्ही बांधला होता. त्याच्या आठ दिवस आधी मी सरावात पडले होते आणि तुमच्यापासून लपवलं होतं. निदान मी तसं समजत होते. पुण्याच्या शिबिराला माझी निवड झाली होती, ती त्या पायाबरोबर गेली. ऑपरेशननंतर तुम्ही मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भेटायला आलात तेव्हा मी तुमचे पाय धरले होते. म्हटलं होतं, सर, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला, मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा. तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "जाऊ दे वं पोरी. मी माफ केलं."

त्या माफीवर मी अठरा वर्षं काढली. तुम्ही मला सहायक म्हणून लावून घेतलंत तेव्हा आईला सांगितलं, बघ, मी एवढं खोटं वागले तरी सरांनी टाकलं नाही. कमी मानधन, अकरा महिन्यांची पत्रं, लग्नाचं पुढे ढकलत गेलेलं, कशाचीच तक्रार केली नाही. फेडते आहे असं वाटायचं.

पण आता मला माहीत आहे की बांधणाऱ्याला कळतं.

सर, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का?

दीप्ती

*

उमरेड
९ मार्च २०२५

चि. दीप्ती,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. कौसल्याला वाटतंय मी जेवत नाही ते गळ्यामुळे.

कळलं होतं.

गरम होता. सुजलेला होता. मला वाटतं मला तुझ्याहून आधी कळलं होतं, कारण तू सरावात पडलीस ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं होतं. आठ दिवस मी वाट पाहिली की तू येऊन सांगशील. सांगितलं असतंस तर बसवलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे की नाही, आता मलाही सांगता येत नाही. पोरगी स्वतः सांगेल हा नियम मी फार छान बोलायचो. वीस वर्षांची पोरगी, पुण्याची निवड तोंडावर, ती काय सांगणार होती? हे मला माहीत होतं. म्हणूनच तो नियम सोयीचा होता.

मीही तेव्हा कंत्राटी होतो. तुम्हा पोरींना सांगितलं नव्हतं. त्या कपानंतर चार महिन्यांत मला कायम केलं. संघपालचं शिक्षण, हे घर, सगळं त्यातून झालं.

तू मेडिकलमध्ये माझे पाय धरलेस तेव्हा खरं बोलायला तोंड उघडलं होतं. तुझी आई बाजूला उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, लेकरू चुकलं, पदरात घ्या." मग मी माफ केलं असं म्हणालो. ते इतकं सोपं गेलं, की मला स्वतःचीच भीती वाटली. तुला सहायक लावलं ते उपकार म्हणून नाही. रोज समोर दिसत राहिलीस तर कधीतरी सांगता येईल, असं वाटलं होतं. नंतर सवय झाली. तू पाणी आणून द्यायचीस, मी प्यायचो.

आवाज होता तेव्हा बोललो नाही. आता पाटीवर लिहून पुसण्यासारखं हे नाही, म्हणून कागदावर लिहितो.

तू काय करावंस हे विचारू नकोस. माझं ऐकून तुझे हात आज असे झाले आहेत. तरी म्हाताऱ्याच्या जिभेला खोड असते, म्हणून एक लिहितोच. जागा सोडू नकोस. तू सोडलीस तर रितिकाचा पाय परत येणार नाही.

हे वाक्य लिहून वाचलं. अठरा वर्षांपूर्वी मीही स्वतःला हेच म्हणालो होतो, तुझ्याबद्दल. खोडत नाही. तुला दिसू दे.

देवाजी

*

नागपूर
६ एप्रिल २०२५

सर,

तुमचं पत्र घेऊन मी इतवारीत गेले. भांड्यांच्या गल्लीत दुपारी टेम्पो अडकले होते, अर्धा तास एका जागी उभी होते. परत फिरता आलं असतं.

रितिका आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसली होती. नत्थूजी काम सोडून आले, आईने चहा टाकला. मी सरळ सांगितलं, की मला माहीत होतं. हाताला कळलं होतं, तरी थापा मारल्या. माझ्या जागेसाठी मारल्या.

बोलली रितिका. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मॅडम, तुमाले माहीत हाये हे मले माहीत होतं. तुमचे हात थांबले होते नं. मी म्हटलं, आता मॅडम म्हनन, बस खाली. मी तेच पाहून राहिली होती. मंग तुमी दोन थापा मारल्या. मले वाटलं, मॅडमले कळलं आन् तरी मारल्या, म्हंजे चालते. म्हंजे काही होत नाही."

म्हणजे त्या सकाळी ती माझ्या बोलण्यासाठी थांबली होती आणि मी तिच्या. दोघी एकमेकींची वाट बघत होतो. आठ दिवस तुम्ही माझी बघितलीत तशी.

चहा झाला होता. तीन कप ओट्यावर होते. कोणी घ्या म्हटलं नाही. नत्थूजी उठून दाराशी गेले आणि पडदा धरून उभे राहिले, मी बाहेर पडेपर्यंत. पायऱ्या उतरताना मागून एवढंच म्हणाले, "मी हात जोडले होते तुमाले."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सगळं लिहून दिलं. सचिवसाहेबांनी वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "मॅडम, हे घरी घेऊन जा. कपाच्या फाइलीत असं काही लागत नाही." कृष्णकांत सरांनी हात धरून सांगितलं, अशा गोष्टी प्रत्येक कोचच्या पोटात असतात. खरं असेल. मी कागद आवक-जावकच्या बाईंकडे दिला आणि शिक्का मारून घेतला. एकतीस मार्चला माझे अकरा महिने संपले. नवीन पत्र मिळालं नाही. नवा प्रशिक्षक बाहेरून येतोय, अपूर्व की असंच काही नाव आहे, डिप्लोमावाला. निरोप समारंभ कृष्णकांत सरांचा झाला. मी बेंच पुसून, बॉल मोजून किल्ली ठेवून आले.

रितिकाचं लग्न ठरतंय असं पोरींकडून कळलं. मुलगा कामठीचा. पाय बरा झाल्यावर करणार आहेत, म्हणजे मंडपात लंगडणार नाही. मी फिजिओथेरपीला सोबत येऊ का, असं पोरींकडून विचारलं होतं. नको म्हणाली.

धरमपेठेतली खोली सोडली. सध्या मावशीकडे आहे. पुढे काय, ते ठरलेलं नाही. सकाळी साडेपाचला अजून जाग येते आणि मग काही करायचं नसतं.

तुमचा मला राग येतो आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत. येतो. पण पूर्ण येत नाही, तोच त्रास आहे. तुम्हाला शिव्या द्यायला बसते आणि रितिकाच्या गुडघ्यावरचे माझेच हात दिसतात. तुम्ही निदान अठरा वर्षं गप्प बसून काढलीत. मला तेही जमलं नाही, आणि बोलून कोणाचं भलं झालं तेही दिसत नाही.

उरलेल्या अकरा पट्ट्या सोबत पाठवते आहे. भाऊंना सांगा, सूत चांगलं आहे, एकही सुटली नाही.

आणखी एक तुमच्याकडे परत करायचं आहे. २००६ साली मेडिकलमध्ये तुम्ही मला माफ केलं होतंत. ती माफी तुम्ही परत घ्या. मी ती खूप सांभाळून ठेवली होती, पण ती माझी नव्हती.

औषधं वेळेवर घ्या.

दीप्ती